वाचक विचारतात : पाच गिगाहर्ट्झचा हट्ट

गेल्या अंकात प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याबद्दल, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याबद्दल, दोन परिच्छेद काय लिहिले, या वेळी टपालात दुसरा विषयच नाही. एक तक्रार आधीच नोंदवते. प्रोसेसर किती अंशांवर गेला ते प्रत्येकाने कळवलंय, काहींनी तर दशांशासकट. खोलीचं तापमान मात्र एकाच पत्रात आहे. हवेचा कूलर असो की पाण्याचा, उष्णता शेवटी टाकली जाते ती खोलीतल्या हवेत. म्हणजे खोली २२ अंशांवरून ३४ वर गेली, की तोच प्रोसेसर त्याच कामाला साधारण १२ अंश वर दिसणार, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. पुढच्या वेळी दोन्ही आकडे लिहा. आता पत्रं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे कोअर आय५-१०६००के आहे, त्यावर मोठा एअर कूलर. सहाही कोअर ५ गिगाहर्ट्झवर लावलेत, व्होल्टेज १.४०. सिनेबेंच ही वेगाची चाचणी बिनतक्रार पार पडते. पण लांबलचक व्हिडिओ एन्कोड करायला लावला, की विसाव्या मिनिटाच्या आसपास निळा स्क्रीन येतो आणि त्यावर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ असं लिहिलेलं असतं. तेव्हा तापमान ९६ च्या घरात असतं, खोली २९. मित्र म्हणतात, व्होल्टेज १.४५ कर. करू का?
– व्हिडिओ संपादन करणारा एक वाचक

उत्तर : नको. आणि खोलीचं तापमान लिहिलंत, म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलंय.

त्या निळ्या स्क्रीनचा अर्थ एवढाच, की एका कोअरने, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणकाने, ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही. ओव्हरक्लॉक केलेला कोअर असा गप्प बसतो त्याचं नेहमीचं कारण व्होल्टेज अपुरं पडणं हेच असतं, त्यामुळे तुमचे मित्र अगदीच चुकले असं म्हणणार नाही. पण मग पहिल्या मिनिटाला तेच १.४० कसं पुरलं? मधल्या वेळात बदललं ते तापमान. आधी कूलरचा धातू तापतो, त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. मग कॅबिनेटमधली हवा तापते. त्याच सुमाराला मदरबोर्डवरचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, तापत असतो, आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. चिप जसजशी गरम होते तसतशी तिच्यातून वीज नुसतीच झिरपते. ही गळती पुन्हा उष्णताच होऊन बसते. वर गरम चिपला तोच वेग गाठायला व्होल्टेज थोडं जास्तच लागतं. अशा वेळी १.४५ करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. किंबहुना बंबात पाण्याऐवजी तेल.

कागद घ्या आणि हिशेब करून बघा. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा तुमची चिप ४.८ गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्टवर टिकते. (नेमकं किती लागेल ते तुम्हालाच शोधायचंय. एकाच नावाच्या दोन चिपांचं सुद्धा सारखं नसतं.) तिथून ५ गिगाहर्ट्झला गेलात की वेग वाढला ४ टक्के. १.२५ चं १.४० केलंत, त्याचा वर्ग वाढला २५ टक्के. दोन्ही मिळून उष्णता ३० टक्क्यांनी वर, आणि गळतीची भर त्यात धरलेली नाही.

बदल्यात काय मिळालं? मूळ सेटिंगवर हा प्रोसेसर सगळ्या कोअरना ४.५ पर्यंत नेतो. त्या वेगाला ६० मिनिटं लागणारं एन्कोडिंग, इतर कशात अडकलं नाही असं धरलं तर, ४.८ ला ५६ मिनिटं १५ सेकंदांत होईल आणि ५ ला ५४ मिनिटांत. सव्वादोन मिनिटं. तेवढ्यासाठी तुम्ही विसाव्या मिनिटाला सगळं काम घालवून पहिल्यापासून सुरू करताय. पाच हा आकडा गोल आहे, दिसतो छान, हे मला मान्य आहे. मीही त्याच्यामागे धावलेय.

आता काय करायचं ते सांगते. आधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तेच एन्कोडिंग पुन्हा लावा. तापमान पाच अंशांहून जास्त उतरलं, तर दोष कूलरचा नाही. कॅबिनेटमध्ये हवा येत-जात नाहीये, पुढचा पंखा किंवा त्याची धुळीने भरलेली जाळी बघा. फरक दोन-एक अंशांचाच पडला, तर हवा ठीक आहे आणि कूलर त्याच्या टोकाला पोचलाय.

मग मल्टिप्लायर ४८ करा. बेस क्लॉक, म्हणजे मूळ ठोका, १०० मेगाहर्ट्झ; त्याला मल्टिप्लायरने गुणलं की वेग, म्हणून ४.८ गिगाहर्ट्झ. व्होल्टेज १.३० पासून सुरू करून दर वेळी ०.०२ ने उतरवत जा. मशीन पडलं किंवा टेस्टने चूक दाखवली, की तिथून ०.०३ वर या. दर पायरीला खोलीचं तापमान, भाराखालचं व्होल्टेज, सर्वात गरम कोअर आणि किती वेळ टिकलं, एवढं वहीत लिहा. वहीत म्हणजे कागदाच्या वहीत. मशीन सुरूच होईना, तर त्यातली फाइल काय कामाची? माझी स्वतःची रेघ ८५ अंशांवर आहे. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे, त्या पलीकडे तो आपोआप वेग कापतो. पण मर्यादेला टेकून चालवलेलं मशीन पहिल्याच उकाड्याच्या दिवशी मान टाकतं.

‘भाराखालचं व्होल्टेज’ मुद्दाम म्हटलं. तुम्ही १.४० लिहिलंत ते बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, भरलेलं की एन्कोडिंग चालू असताना दिसलेलं? भार आला की व्होल्टेज खाली बसतं, आणि ते तसं बसणं मुद्दाम ठेवलेलं असतं. बायोसमध्ये लोड लाइन कॅलिब्रेशन नावाचं एक सेटिंग सापडेल, ते या घसरणीला आवर घालतं. पुष्कळ लोक ते सर्वात कडक पातळीवर टाकतात, कारण मग पडद्यावरचा आकडा हलत नाही. गंमत अशी, की भार एकदम सुटतो त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं आणि ही उसळी इतकी क्षणिक असते की मॉनिटरिंगच्या कुठल्याही प्रोग्रामला दिसत नाही. ती दिसते ऑसिलोस्कोपवर. मधली पातळी ठेवा आणि थोडी घसरण चालवून घ्या.

राहिला सिनेबेंच. त्याची एक फेरी तुमच्या मशीनवर दोनेक मिनिटांत संपते, म्हणजे कूलर धड तापायच्या आत. शिवाय व्हिडिओचे एन्कोडर एव्हीएक्स२ या सूचना भरपूर वापरतात. एका फटक्यात जास्त आकडे हाताळले जातात, त्यामुळे तेवढ्याच वेगाला चिप जास्त वीज ओढते. तुमच्या बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट असेल. मल्टिप्लायर ५० आणि ऑफसेट २ ठेवलात, तर गेम वगैरे ५ ला चालतील आणि एन्कोडिंग आलं की प्रोसेसर स्वतःहून ४.८ वर उतरेल. म्हणजे पाचाचा हट्टही राहिला. फक्त तेव्हा लागणारं व्होल्टेज पाचाचं असेल, चार-आठाचं नाही, हे विसरू नका.

प्रश्न : माझ्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘के’ नाही. तरी ओव्हरक्लॉक करता येईल का?
– संगणकशास्त्राची विद्यार्थिनी

उत्तर : मल्टिप्लायर कुलूपबंद आहे, त्यामुळे रूढ अर्थाने नाही. ‘के’ असता तरी मदरबोर्ड झेड मालिकेचा लागला असता. एएमडीचं उलट आहे. रायझन बहुतेक सगळे मोकळे, फक्त ए मालिकेच्या बोर्डवर ओव्हरक्लॉक होत नाही. अपवाद ५८००एक्स३डीचा. त्याच्यावर कॅशचा, म्हणजे प्रोसेसरमधल्याच झटपट मेमरीचा, जास्तीचा थर रचलेला आहे, त्याला जादा व्होल्टेज सोसत नाही, म्हणून कंपनीनेच मल्टिप्लायर बंद केला.

एके काळी मल्टिप्लायर बंद असला तरी बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या मशीनशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग वाढवून काम भागायचं. १९९८ चा सेलेरॉन ३००ए : मल्टिप्लायर साडेचार, बस ६६ ची. ती १०० केली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालायचा, ५० टक्के फुकट. आज असलं काही कुणी देत नाही. आता चिप कारखान्यातूनच स्वतःच्या टोकाजवळ चालत येते, टर्बो आणि बूस्ट या नावांनी. तुम्ही बायोसमध्ये जाऊन मेमरीचा एक्सएमपी, म्हणजे तिला वेष्टनावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग, चालू आहे का तेवढं बघा. डीडीआर४ च्या ३२०० म्हणून घेतलेल्या काड्या २१३३ वर चालत असलेल्या मी कितीदा पाहिल्यात. मात्र एक्सएमपी हेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे, तेव्हा चालू केल्यावर मेमरी तपासायची.

प्रश्न : रायझन ७ ५८००एक्सला कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे ३० दिलं. वेग वाढला, तापमानही उतरलं. प्राइम९५ ची टेस्ट रात्रभर चालली, एक चूक नाही. पण काहीच चाललेलं नसताना, मी नुसती पीडीएफ वाचत असताना, मशीन फट्‌कन रीस्टार्ट होतं. निळा स्क्रीनसुद्धा येत नाही. पॉवर सप्लाय बदलायला हवा ना?
– निवृत्त गणित शिक्षक

उत्तर : सर, पॉवर सप्लायला हात लावू नका. तुमच्या पत्रातलं ‘काहीच चाललेलं नसताना’ हेच निदान आहे.

कर्व्ह ऑप्टिमायझर प्रत्येक वेगासाठी ठरलेलं व्होल्टेज सरसकट खाली ओढतो. एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, तेव्हा उणे ३० म्हणजे ९० ते १५० मिलिव्होल्ट. आता आलेख डोळ्यांसमोर आणा, तुम्हाला सांगायला नको. रात्रभर प्राइम९५ चालतं तेव्हा आठही कोअर भरलेले असतात, विजेची मर्यादा आड येते आणि वेग वक्राच्या मधल्या भागात राहतो. तिथे तुमचं उणे ३० सुखाने चालतं. पीडीएफचं पान उलटलंत की एकच कोअर जागा होतो, बाकी झोपलेले, वीज मुबलक, तापमान कमी. तो कोअर सरळ वक्राच्या वरच्या टोकाला उडी मारतो, ४.७ गिगाहर्ट्झ किंवा त्याहून वर. त्या टोकाला ते व्होल्टेज पुरत नाही. तुमच्या रात्रभराच्या परीक्षेत तो बिंदू एकदाही आला नाही, एवढंच झालंय. अभ्यासक्रमातला नेमका न विचारलेला धडा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जा, सिस्टमच्या नोंदींत ‘व्हीआ लॉगर’ (WHEA-Logger) शोधा, इव्हेंट क्रमांक १८. नोंद उघडलीत की आत प्रोसेसरचा एपीआयसी आयडी दिसेल. तुमच्या प्रोसेसरला कोअर ८ आणि थ्रेड १६, म्हणून त्या आकड्याला दोनाने भागा आणि बाकी सोडून द्या. ६ किंवा ७ असेल तर कोअर क्रमांक ३, मोजणी शून्यापासून. दोन-चार रीस्टार्टच्या नोंदी जमवल्यात तर बहुधा एकदोनच कोअर पुन्हा पुन्हा दिसतील, आणि माझा अंदाज, ते तुमचे सर्वात चांगले कोअर असतील. विचित्र वाटेल. पण चांगल्या कोअरला कारखान्यातच कमी व्होल्टेज नेमून दिलेलं असतं, त्यातून अजून कापायला फारसं काही उरत नाही. वर्गातल्या हुशार मुलाला आणखी गृहपाठ दिल्यासारखं.

त्या कोअरना उणे १० वर आणा, बाकीच्यांना उणे २०, मग सावकाश खाली. तपासायला ‘कोअरसायकलर’ वापरा. तो एका वेळी एकाच कोअरवर काम टाकतो आणि त्याला त्याच्या टोकापर्यंत पळू देतो. त्यानंतरही दोन-तीन दिवस मशीन रोजच्यासारखं वापरा, झोपवा, उठवा. झोपेतून उठण्याच्या क्षणी पडणारी मशीनं मी बरीच पाहिलीत.

प्रश्न : थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी ठेवायची, फुली काढायची की पातळ पसरायची?
– तीन जणांनी विचारलंय, तिघांत पैज लागलेली दिसतेय

उत्तर : कूलर नीट दाबून बसला की पेस्ट स्वतःच पसरते. चिप मोठी असेल तर थोडी जास्त घ्या. तिन्ही पद्धतींत फरक पडला तर एखाद्या अंशाचा. पैज बरोबरीत सोडवा.

याहून मोठे घोळ वेगळेच असतात. कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म न काढता कूलर बसवलेला मी दोनदा पाहिलाय, त्यातला एकदा माझ्याच हातून. स्क्रू एकेक करून पूर्ण आवळणं हाही घोळ. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं. आणि कुणी लिक्विड मेटल सुचवलं तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते वीजवाहक आहे, म्हणजे एक थेंब ओघळला तर मदरबोर्ड गेला. आणि त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम अक्षरशः पोखरतं. कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा असेल तर विषय संपला.

प्रश्न : टेस्ट किती तास चालवली म्हणजे मशीन स्थिर म्हणायचं? कुणी एक तास म्हणतं, कुणी चोवीस. आणि माझं मशीन सहा महिन्यांत एकदाही पडलेलं नाही, मग टेस्ट करायची तरी कशाला?
– छायाचित्रणाची आवड असलेली वाचक

उत्तर : तुम्ही फोटो काढता, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

माझ्याकडे क्यू६६०० होता, २००७ च्या सुमाराचा चार कोअरचा प्रोसेसर. मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, २६६ गुणिले ९. त्या वेळी मल्टिप्लायर वर नेता यायचा नाही, खाली मात्र आणता यायचा, म्हणून मी बस ४२५ केली आणि मल्टिप्लायर ८. झाले ३.४. प्राइम९५ लावलं, बारा तास, एकही चूक नाही. हा प्रोग्राम मुळात १९९६ पासून चाललेल्या मर्सेन मूळ संख्यांच्या शोधासाठी लिहिलेला. त्याची टेस्ट अशी गणितं सोडवते ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत, म्हणून तिला नुसतं तापवता येतं असं नाही, चूक पकडताही येते. मी खूश. मशीन पुढे आठ महिने एकदाही पडलं नाही, अगदी तुमच्यासारखंच.

मग एकदा जुने फोटो चाळत होते. एका फोटोचा खालचा अर्धा भाग सपाट राखाडी. वाटलं, कार्ड खराब झालं असेल. पुढे अजून एक, त्यात मधल्या एका पट्ट्यापासून खाली सगळे रंग जांभळ्याकडे सरकलेले. जेपेगमध्ये एक बिट उलटला तरी त्याच्या पुढचं सगळं वाहून जाऊ शकतं. एकूण एकोणीस निघाले. बॅकअपकडे धावले, तर बॅकअपमध्ये त्यातले तेरा तसेच्या तसे बिघडलेले, कारण बॅकअपही त्याच मशीनने, बिघडलेल्या फाइलींवरून घेतलेला. आणि दोन फोटो असे, की मूळ प्रत चांगली आणि बॅकअप खराब! म्हणजे कॉपी करतानाच चूक झालेली.

हार्ड डिस्कवर संशय घेऊन दोन दिवस घालवले. शेवटी ४ जीबीची एक फाइल घेतली, मशीनमधल्या मेमरीच्या दुप्पट, आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या मजकुरावरून निघणारा एक आकडा, काढला. लगेच पुन्हा काढला. एकच फाइल, न हलवलेली, आणि दोन वेगळी उत्तरं. तिसऱ्यांदा काढला, तर पहिलं उत्तर परत आलं. मी खुर्चीत मागे टेकून बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत बसले होते.

चूक माझीच, आणि साधी. मी बारा तास चालवलेली टेस्ट ‘स्मॉल एफएफटी’ होती. तिची आकडेमोड प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावते, मेमरीकडे ती जवळजवळ फिरकत नाही. म्हणून तर ती इतकी तापवते : मेमरीची वाट बघण्यात वेळ जात नाही. पण बस ४२५ केल्याने माझ्या डीडीआर२-८०० च्या काड्या ८५० वर चालत होत्या, आणि त्यांची परीक्षा मी घेतलीच नव्हती. मेमरी तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं, चाळीस मिनिटांत पहिली लाल ओळ आली.

तेव्हा ‘किती तास’ याच्या आधी ‘काय काय’ हे विचारा. मेमरी किंवा बस हलवली असेल तर सगळ्यात आधी मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या, आणि त्याही विंडोज सुरू करण्यापूर्वी. बिघडलेल्या मेमरीवर विंडोज चालवलंत तर विंडोजच्या फाइलीही बिघडतात. मग प्राइम९५ ची ‘ब्लेंड’, ती मेमरीही वापरते. स्मॉल एफएफटी अर्धा-एक तास पुरे, ती उष्णतेसाठी. मग तुमचं खरं काम. पाचशे रॉ फोटो एका दमात एक्स्पोर्ट करा, तेच पुन्हा दुसऱ्या फोल्डरमध्ये करा, आणि दोन्ही फोल्डर पिक्सेलला पिक्सेल जुळवून बघा. (नुसत्या फाइली जुळवू नका, आत एक्स्पोर्टची वेळ लिहिलेली असते.) तासांचं म्हणाल तर मी रात्रभर चालवते, पण ती माझी सवय आहे, नियम नाही. चोवीस तास टिकलेलं मशीन पंचविसाव्या तासाला चुकू शकतं.

सहा महिन्यांत पडलं नाही म्हणता. फोटो उघडून बघितलेत?

प्रश्न : ओव्हरक्लॉक केल्याने प्रोसेसरचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी पाच वर्षांनी तो बदलणारच आहे, मग फिकीर कशाला?
– एक गेमर

उत्तर : नुसत्या वेगाने फारसं होत नाही, व्होल्टेज आणि उष्णतेने होतं. चिपमधल्या सूक्ष्म तारांतून जो इलेक्ट्रॉनांचा लोंढा वाहतो, त्याच्या रेट्याने धातूचे अणूच हळूहळू सरकत जातात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक या अभियंत्याने १९६९ मध्ये त्याचं सूत्र मांडलं. आयुष्य विजेच्या घनतेवर आणि तापमानावर अवलंबून, आणि तापमानाचा परिणाम घातांकी. अनुभवाला येतं ते असं : चिप एका दिवसात मरत नाही, पण जे १.३० ला वर्षभर टिकत होतं त्याला पुढे १.३२ लागतं. ओव्हरक्लॉकर याला चिप ‘डिग्रेड’ झाली म्हणतात. त्यावर आणखी व्होल्टेज चढवणं म्हणजे उतारावर ढकलणं.

फिकीर कशाला, तर हे नीट सेटिंग असूनही घडू शकतं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत हाच गोंधळ झाला. त्यांचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि चिपा अस्थिर होत होत्या, ओव्हरक्लॉक न करताही. ऑगस्टमध्ये कंपनीने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखणारा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमचा प्रोसेसर त्या पिढीचा असेल, तर ओव्हरक्लॉक राहू दे, आधी बायोस अपडेट करा. आधीच झालेली झीज मात्र त्याने भरून येत नाही. आणि तुम्ही स्वतः ओव्हरक्लॉक करून केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, इंटेल असो वा एएमडी.

प्रश्न : मल्टिप्लायर वाढवला आणि आता पडदा काळा. बायोसही उघडत नाही. घाईत आहे.
– नाव नाही

उत्तर : हा अंक हातात पडेपर्यंत सुटलं असेल, तरी. पॉवर सप्लायचं बटण बंद, वायर काढा, मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटं काढून परत बसवा. बायोस मूळ सेटिंगवर येईल.

प्रश्न : ताई, एवढं सगळ्यांना सांगता, तुमचं स्वतःचं मशीन किती गिगाहर्ट्झवर आहे?
– जुना वाचक

उत्तर : सापडले म्हणायची! माझ्याकडेही ५८००एक्स आहे आणि तो उलट दिशेने लावलाय. मूळ सेटिंगवर तो १४२ वॅटपर्यंत ओढू शकतो. मी इको मोड लावून ८८ वर बांधलाय. चाळीस मिनिटांचं रेंडर आता चव्वेचाळीस मिनिटं घेतं, आणि पंखा चालू आहे की नाही ते बघायला मला वाकावं लागतं. कर्व्ह ऑप्टिमायझर दोन कोअरना उणे ८, बाकीच्यांना उणे १८. हे आकडे माझ्या चिपचे आहेत, उतरवून घेऊ नका.

क्यू६६०० अजून कपाटात आहे. ३३३ गुणिले ९, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ, मेमरी ६६७ वर. वर्षातून एकदा काढते, धूळ झटकते, ती ४ जीबीची फाइल उघडते आणि चेकसम तीनदा काढते.